मंडळींना हवा लागू नये म्हणून

कोळवणच्या भातखाचरात धम्मदीपा गुडघाभर चिखलात रुतून उभी होती. केस डोळ्यांवर आले होते, पण ते मागे सारावेत तर दोन्ही हात पाण्याखाली. एका हातात काचेची बाटली, दुसऱ्यात तिचं रबरी बूच. बूच पाण्याखालीच बसवायचं होतं. बाटली वर काढली की हवा शिरणार, आणि हवा शिरली की पहिल्या एस.टी.पासूनची सगळी मेहनत वाया. वरून भाद्रपदातली भुरभुर चालू होती... मध्येच ऊन, मध्येच सर. तिची छत्री बांधावर उघडी पडून बांधाचं पावसापासून रक्षण करत होती.

रस्त्यावर एक एम-एटी येऊन थांबली.

"काय हरवलंय का, मॅडम?"

"हरवलं नाही, सापडलंय," धम्मदीपा मान न वळवता म्हणाली. "बूच बसत नाहीये."

गाडी स्टँडला लागल्याचा आवाज आला. "पुण्याच्या दिसता."

"कशावरून?"

"हितली बाई चिखलात उतरली तर भात लावती. बाटली न्हाई भरत."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो बांधावर आला. तिशीच्या आतला, सावळा, खिशाला पेनाच्या जागी छोटा पाना अडकवलेला. त्यानं वाकून पाण्यात पाहिलं. पाण्यात तिचे हात सोडून बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"हवा लागली की मरतात ते," तिनं खुलासा केला.

"कोण?"

"चिखलातले जीव. मिथेन तयार करणारे."

"म्हंजे गोबर गॅसवाले!" लांबचा नातेवाईक निघावा तसा त्याचा चेहरा खुलला. "मग आधी सांगायचं की. ती तर आमची मंडळी."

त्यानं पाण्यात हात घातला, चाचपून बूच शोधलं. कुठलं बूच आणि कुठलं बोट, याचा अंदाज यायला त्याला अंमळ वेळ लागला. मग मनगटाच्या एका पिळात ते घट्ट बसवलं. पीएच.डी.ची दोन वर्षं झालेल्या मुलीला बूच बसवायला आयटीआयचा फिटर लागतो, ही गोष्ट धम्मदीपानं पुढे प्रबंधात कुठेही लिहिली नाही. तिला ओढून बाहेर काढताना तिची डावी चप्पल खाचरातच राहिली. ती तिथल्या जीवांनी संशोधनासाठी ठेवून घेतली असावी.

एका चपलेनं एस.टी.त चढणं बरं दिसणार नाही, म्हणून तो तिला गाडीवरून पौडला घेऊन आला. तिथे त्याचं दुकान होतं. पाटी अशी : 'दीप गोबर गॅस दुरुस्ती. प्रो. प्रदीप'. यातलं 'प्रो.' म्हणजे प्रोप्रायटर. पण गॅसविषयी त्याला जे कळत होतं ते पाहता दुसरा अर्थ घेतला असता तरी फारसं बिघडलं नसतं. दुकानात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आकारानुसार टांगलेले पाने, आणि एका कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या शेगड्या.

"नाव कळलं न्हाई तुमचं."

"धम्मदीपा."

"जयभीम," तो आपसूक म्हणाला.

"जयभीम."

"घरी काय म्हणतात?"

"दीपा."

तो दाराबाहेर मान काढून पाटीकडे बघून आला. "म्हंजे पाटी बदलायला नको."

"काय?"

"काय न्हाई... चहात साखर कमी हाय, म्हणलं."

चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता.

धम्मदीपा मूळची लातूरची, निवृत्त पोस्टमास्तरांची मुलगी. पुण्यात एका संशोधन संस्थेत होती आणि वसतिगृहात राहत होती. तिचा विषय होता या जीवांमधला एक विकर. विकर म्हणजे एन्झाइम : पेशीच्या आत एकच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा कामगार. आणि हे जीव म्हणजे फार जुनं घराणं. पृथ्वीवर ऑक्सिजन नव्हता तेव्हापासूनचं. पुढे ऑक्सिजन आला. बाकीच्यांनी जुळवून घेतलं, यांनी घेतलं नाही. ते चिखलात, शेणात, गाईच्या पोटात निघून गेले आणि तिथून आजतागायत मिथेन सोडून निषेध नोंदवत आहेत. त्यांच्यातला शेवटचा विकर, जो मिथेन प्रत्यक्षात हातावेगळा करतो, तो तर इतका मानी, की हवेचा वारा लागला तरी काम टाकून बसतो, आणि मग कितीही मनधरणी केली तरी उठत नाही. त्याचं पूर्ण नाव घेईपर्यंत चहा निवतो, म्हणून ती नुसतं 'विकर' म्हणायची.

दोन वर्षांत तो तिला एकदाही जिवंत सापडला नव्हता.

तिच्या मार्गदर्शक डॉ. नलिनी. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांना सगळे घाबरत. त्यांनी सांगितलं होतं, "डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी यंत्र तुला मिळेल. मिथेन मोजायला एक दिवस. विकर काम करताना दाखव. नाहीतर दही."

संस्थेत आजवर ज्याचं ज्याचं काही जमलं नव्हतं, त्याला दह्यातल्या जिवाणूंवर काम मिळालं होतं. दह्याचं काही बिघडत नाही. बिघडलं तर ताक होतं आणि त्यावर वेगळा शोधनिबंध होतो. दह्यावर डॉक्टर झालेली माणसं सुखात होती. फक्त त्यांच्या डोळ्यांत चमक नव्हती.

हे सगळं तिनं प्रदीपला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग चिखलात कुटं हुडकताय? तितं ती भाड्यानं राहत्यात. माझ्याकडं त्यांचे बंगले हायेत."

त्यानंतर दर शनिवारी धम्मदीपा मुळशी तालुक्यात येऊ लागली. चांदे, कोळवण, माले... जिथे जिथे गोबर गॅस, तिथे एम-एटी. ती नमुने घेई, तो शेगडी पेटवून बघे. ज्योत निळी असली की त्याचं काम झालं. निळी ज्योत म्हणजे सगळं ठीक, ही त्याच्या धंद्यातली एकमेव परीक्षा होती, आणि ती त्याला येता-जाता घ्यायची सवय होती. चहाच्या टपरीवरही तो आधी शेगडीकडे बघायचा आणि मग चहाकडे.

"थंडीत गॅस कमी का येतो सांगा बरं," ती विचारी.

"मंडळी गारठत्यात."

"आणि शेणात साबणाचं पाणी गेलं तर?"

"रुसत्यात. पंधरा दिवस चूल न्हाई पेटत."

तिच्या पाठ्यपुस्तकात हेच होतं. फक्त तिथे ते सतरा पानं चाललं होतं.

"तुम्ही त्यांना मंडळी का म्हणता हो?" एकदा तिनं विचारलंच. गाडी घाटाला लागली होती, बाजूला सोनकीची पिवळी फुलं डुलत होती, आणि वळणावर त्याचा खांदा धरावा की गाडीचं हँडल, या प्रश्नाचा निकाल नुकताच खांद्याच्या बाजूनं लागला होता. "आमच्याकडे मंडळी म्हणजे बायको. बाबा आईला 'आमची मंडळी' म्हणतात."

"आमच्याकडं बी त्येच."

"मग?"

"मला बायको न्हाई ना," प्रदीप समोर बघत म्हणाला. "शब्द रिकामाच पडला होता. वापरला."

पुढचा अर्धा घाट एम-एटी तेवढी बोलत होती.

मालेच्या गेणबांकडचा गोबर गॅस सगळ्यांत जुना. बावीस वर्षांत एकदाही उपसलेला नाही. प्रदीप त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली घेई. गेणबा बाजेवर बसून होते.

"काय शिकता बाई?"

"विकर," धम्मदीपा म्हणाली.

गेणबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "कसला विकार?"

"विकार नाही हो, विकर..."

"त्येच. घरात कुनाला हाय का आधी?"

प्रदीप पाईप तपासायच्या निमित्तानं गोठ्यामागे गेला आणि बराच वेळ खोकत राहिला. गेणबांच्या पत्नी प्रभावती काकू तेवढ्यात बाहेर आल्या. नमुना घ्यायचा तर अर्धा दिवस गॅस बंद, गॅस बंद तर चूल बंद, हा हिशोब त्यांना ताबडतोब कळला.

"एकडाव देते," त्या म्हणाल्या. "पोरीकडं बघून. परत आलात तर झाडू हाय."

त्या एका डावात धम्मदीपानं अकरा बाटल्या भरल्या. एकही बुडबुडा आत गेला नाही. यंत्राचा गुरुवार पाच दिवसांवर होता. बाटल्या तोवर उबेत ठेवायला हव्या होत्या आणि संस्थेतली उबदार खोली दहीवाल्यांनी सोमवारपर्यंत अडवली होती.

"माझ्याकडं ठेवा," प्रदीप म्हणाला. "भाताच्या तुसात पुरतो, वर गोधडी टाकतो. लेकरागत सांभाळतो."

"नक्की?"

"मंडळी हायेत माझी."

तिनं ठेवल्या. बुचातून गॅस काढायच्या पोकळ सुयांचा डबाही विसरून तिथेच राहिला.

मंगळवारी चारच्या सुमाराला ती बाटल्या न्यायला पौडला उतरली. भारनियमन चालू होतं, रस्त्यावरची दुकानं अंधारात, आभाळ अवेळी भरून आलेलं. प्रदीपच्या दुकानाचं शटर निम्मं खाली होतं. ती वाकून आत आली.

"थांबा... तितंच थांबा," अंधारातून आवाज आला. "गंमत दावतो."

काडी ओढल्याचा आवाज झाला, आणि एक इवलीशी निळी ज्योत उभी राहिली. करंगळीच्या नखाएवढी. मग शेजारी दुसरी. मग तिसरी. फळीवर ओळीनं मांडलेल्या बाटल्या, प्रत्येकीच्या बुचात सुई, आणि सुईच्या टोकावर ज्योत. तो अगदी हळुवार हातानं एकेक पेटवत गेला, अकराव्या बाटलीपर्यंत, आणि मग त्या निळ्या उजेडात तिच्याकडे वळला.

"सगळी जित्ती हायेत, दीपा मॅडम! अकराच्या अकरा! चार दिस बुचं फुगत होती, माझा जीव वरखाली... म्हणलं, तुमी याल तवा तुमच्यासमोरच बघू. बघा की, कशी निळी हाय!"

आजवर तिच्यासाठी कोणी इतकं सुंदर काही केलं नव्हतं. आणि ते सुंदर जे काही होतं, ते तिचा प्रबंध जाळून चाललं होतं.

पहिली ज्योत लहान झाली, थरथरली, विझली. मग दुसरी.

"प्रदीप," धम्मदीपा म्हणाली. तिचा आवाज डॉ. नलिनींसारखा खालच्या पट्टीत लागला होता. "ज्योत विझल्यावर काय होतं?"

"काय होनार? आतला गॅस सपतो, दाब सपतो, मग भायेरची..."

तो थांबला. शेवटी गॅसवालाच तो. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं झडप घालून सुया उपसायला सुरुवात केली, तोवर सात विझल्या होत्या. उरलेल्या चार त्याच्या झडपेच्या वाऱ्यानं विझल्या, आणि अंधारात त्यांच्या सुया सापडेपर्यंत त्यांचाही दाब संपला.

"...हवा," तो अंधारात म्हणाला.

"तुला एक काम सांगितलं होतं मी!" ती ओरडली. "एक! अकरा बाटल्यांवर दिवाळी केलीस तू! दही... दही लावणार मी आता जन्मभर! कळतंय का तुला? दह्यासाठी मुळशीला यावं लागत नाही!"

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. ते आपलं आपण आलं. ती शटरखालून बाहेर पडली आणि समोर उभ्या असलेल्या एस.टी.त बसली. एस.टी. चांदणी चौकात पोहोचेपर्यंत तिला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, ती त्याला 'तू' म्हणाली होती. दोन, रडू प्रबंधाचं येत होतं की शनिवारांचं, हे तपासायची कुठलीच पद्धत विज्ञानात उपलब्ध नव्हती.

बुधवारी तिनं दह्यावरची दोन पुस्तकं काढली. पहिल्या पानावर लिहिलं होतं की दही हा भारतीयांच्या आहारातील महत्त्वाचा घटक आहे. तिनं पुस्तक मिटलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता संस्थेच्या फाटकावरून पहारेकरी नथूचा फोन आला.

"मॅडम, एक इसम आलाय. तुमचं नाव घेतोय. पोटावर टायर बांधलंय, आत सोडू का?"

धम्मदीपा पळतच फाटकावर गेली. प्रदीप उभा होता. थंडीनं ओठ निळे, डोळे लाल, अंगात दोन स्वेटर आणि त्यांच्या आत छातीपोटाभोवती वेटोळं घातलेली एक ट्यूब. स्कूटरची. तिच्या तोंडाला कॉक, कॉकला गाठ, गाठीला चिकटपट्टी. लांबून बघणाऱ्याला माणूस पोहायला निघालाय असं वाटलं असतं.

"गेणबांकडनं," तो दात वाजवत म्हणाला. "आधी ट्यूब गॅसनं धुतली, तीनदा. तुमी बाटल्या धुता तशी. मग पाईप तळाला नेऊन शेणाची रबडी वडून घेतली. हवेचा एक थेंब न्हाई आत. गारठतील म्हणून अंगावर घेतलं. पहाटं साडेपाचला निघालो, कुटं थांबलो न्हाई."

तिनं ट्यूबला हात लावला. ऊबदार होती. संस्थेतल्या उबदार खोलीपेक्षा नेमकी दोन अंशांनी बरी असावी. स्वेटरमधून त्याचं काळीजही लागत होतं, पण ती नोंद तिनं वेगळी ठेवली.

"पण काकू तर झाडू घेऊन..."

"तेच सांगायचं राह्यलं," तिच्यामागून जिना चढताना प्रदीप म्हणाला. "काकू म्हणली, 'कशापायी परत चूल बंद ठेवू?' मी म्हणलो... 'मंडळींसाठी पायजे.' मला म्हणायचं होतं, ही..." त्यानं ट्यूबवर थोपटलं. "तिला वाटलं... ती."

"ती कोण?"

"म्हणली, 'ती विकारवाली व्हय? त्या विकाराला हेच शेण लागतं का? मग ने बाबा, लागंल तेवढं ने. विकार असला तरी पोरगी गुणाची हाय.' काल सांजच्यापातूर अख्ख्या मालेत झालंय, प्रदीपची मंडळी पुण्याला असती म्हणून."

धम्मदीपा प्रयोगशाळेच्या दारात थांबली. आत एक मोठी काचेची हवाबंद पेटी होती. आतमध्ये नायट्रोजन, आणि हात घालायला लांब रबरी मोजे. आता ट्यूब आत सरकवायची होती.

"मी काकूला खरं सांगून येतो," तो घाईनं म्हणाला. "लगेच जातो. म्हंजे... खरं सांगायचं का... का तसंच..."

"ट्यूब सोड," ती म्हणाली.

"आं?"

"अंगावरची सोड. हवा लागेल." ट्यूब पेटीत गेली, झाकण बंद झालं, आणि मग तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "प्रयोग चालू असताना निष्कर्ष काढत नाहीत. संध्याकाळी सांगते."

"कशाचं?"

"खाली जाऊन बस."

तो दिवसभर नथूच्या शेजारी बाकावर बसून होता. दुपारी नथूनं त्याला डब्यातली अर्धी भाकरी दिली. आठवड्याभरात गेटवर येणाऱ्या वैज्ञानिकांपैकी एकानंही जेवताना इतकं उदास तोंड केलं नव्हतं, असं नथूनं नंतर सांगितलं.

वर धम्मदीपा कोपरापर्यंत रबरी मोज्यांत होती. रबडी गाळली, जीव वेगळे केले, फोडले, आतला विकर पाण्यात उतरवला. सूक्ष्मदर्शकाखाली न फोडलेल्या जीवांचा एक थेंब ठेवून जांभळा प्रकाश सोडला, तेव्हा ते जीव चमकले. या घराण्याची तशी खूणच आहे. काळोखात शेकडो निळे-हिरवे दिवे. ती डोळा लावून बघत राहिली. अकरा दिवे काय, शेकड्यांनी होते... आणि तो म्हणाला होता, कशी निळी हाय.

चार वाजता नमुना यंत्रात गेला. विकर काम करत असला तर मिथेन निघणार, मिथेन निघाला तर कागदावरची पेन्सिल वर चढणार. डॉ. नलिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. पेन्सिल सपाट रेघ ओढत होती. सपाट... सपाट... दह्यासारखी सपाट.

मग ती हलली. वर चढली, चढतच गेली, टोकाशी क्षणभर थबकली आणि उतरली. कोळवणच्या खोऱ्यातून दिसतो तसा अख्खा तिकोना गड कागदावर उभा राहिला होता.

डॉ. नलिनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुन्हा करून दाखव," त्या म्हणाल्या. पुन्हा दाखवल्यावर म्हणाल्या, "नमुना उत्तम आहे. वाहतुकीची कुठली पद्धत वापरलीस?"

"स्कूटरची ट्यूब आणि माणूस," धम्मदीपा म्हणाली.

"प्रबंधात नीट लिही." त्या दाराशी गेल्या आणि थांबल्या. "माणूस हातचा घालवू नकोस. ट्यूब कुठेही मिळते."

धम्मदीपा कागद घेऊन जिना उतरली. दोन-दोन पायऱ्या. बाहेर ऊन कलतं झालं होतं. प्रदीप बाकावरून उठला. नथूही उठला. आपला काही संबंध नाही हे लक्षात येऊन पुन्हा बसला, पण कान तिकडेच ठेवून.

प्रदीपनं तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. विचारायचं काय ते त्यानं दिवसभर जुळवून ठेवलं होतं, ते आता सगळं विसरला.

"मंडळी... काय म्हणत्यात?"

"हो म्हणतात," ती म्हणाली.

"कुठली?"

तिनं कागद त्याच्या हातात दिला आणि हात तिथेच राहू दिला.

"दोन्ही."